आईने विकत घेतलेली बस

आई एसटीत कंडक्टर होती. बायकांना कंडक्टर म्हणून घ्यायला लागले, त्या सुरुवातीच्या काळात ती लागली आणि पंचवीस वर्षांनी तळोद्यातून निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी डेपोतल्या लोकांनी तिला साडी दिली, शाल दिली आणि चार शब्द बोलायला सांगितलं. आईला भाषणाची सवय नव्हती. तिने सगळ्यांचे आभार मानले, खाली बसायला वळली, मग पुन्हा माइकसमोर आली.

"एक राहिलं. पंचवीस वर्षं मी घंटी दिली आणि गाडी दुसऱ्याने सोडली. मला एकदा तरी स्वतः सोडायची होती."

लोक हसले. मी मागच्या रांगेत होते. मला हसू आलं नाही, कारण ही गोष्ट तिने घरात कधीच काढली नव्हती. वडील असतानाही नाही. मी तिची एकुलती एक मुलगी, तिच्याच घरात राहणारी, आणि मला हे माइकवरून कळलं.

मी तळोद्याच्या एका शाळेत संगणक शिकवते. त्यामुळे मला जे सुचलं ते संगणकातलंच सुचलं. बस चालवायचा एक गेम मिळतो. टेबलाला घट्ट बसवायचं स्टीअरिंग, पायाखाली क्लच, ब्रेक, अॅक्सिलरेटर, बाजूला गिअरचा दांडा. पडद्यावर परदेशातला कुठला तरी डोंगराळ मुलूख, बर्फ, बोगदे आणि प्रवाशांनी भरलेली बस. शाळेतले एक सर म्हणाले, "विकत कशाला घेता मॅडम? पेन ड्राइव्हवर आणून देतो. सगळेच तसा खेळतात." मी घरी येऊन आईला दोन्ही पर्याय सांगितले.

आई घरी अहिराणीतच बोलते. ती म्हणाली, "फुकटनं माले नको. मी आख्खी जिंदगी फुकट्यास्ले पकडं."

गेम तिच्याच नावाने घेतला. तिचा ई-मेल, तिचा पासवर्ड, तिची पावती. पावतीची प्रिंट काढून तिने ती जुन्या कागदपत्रांच्या फाइलीत लावली. मी म्हटलं, याची काही गरज नसते. ती म्हणाली, असू दे.

पहिल्या दिवशी तिने बस थेट टोलनाक्याच्या खांबावर घातली. दुसऱ्या दिवशी थांब्यापाशी फुटपाथवर चढवली. आठ दिवसांत हात बसला. महिनाभरात ती अशी चालवायला लागली की मी भाजी चिरता चिरता उठून बघायला यायचे. उतारावर ती गाडी कधी मोकळी सोडायची नाही, गिअर खाली घ्यायची. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणाऱ्या घाटात तिने वर्षानुवर्षं ड्रायव्हरच्या मागे उभं राहून हे पाहिलं होतं. कोण कुठल्या वळणावर काय करतो, कोण घाबरतो, कोण उगाच जोर करतो, सगळं तिच्या डोक्यात होतं. फक्त हात पहिल्यांदाच लागत होते. वळण नीट निघालं की ती मान हलवायची आणि पडद्यावरच्या आरशात मागच्या प्रवाशांकडे बघायची.

मग एप्रिल आला. आमच्याकडे एप्रिलमध्ये दुपारी वीज जाते. घरात इन्व्हर्टर आहे, त्यामुळे संगणक चालू राहतो. पण वीज जाऊन तास-दीड तास झाला की मोबाईल टॉवरचीही बॅटरी उतरते आणि सगळ्या मोहल्ल्याचं नेट बंद पडतं. अशाच एका दुपारी आईने गेम उघडला आणि मला हाक मारली.

"हाई काय म्हनी ऱ्हायनं व?"

पडद्यावर इंग्रजीत एक चौकट आली होती. नेटशी जोडणी नाही, तुमची मालकी तपासता येत नाही, गेम सुरू करता येणार नाही. मी तिला समजावून सांगितलं, की गेम चोरून वापरू नये म्हणून कंपनी दर वेळी उघडताना आणि मधूनमधून चालू असतानाही नेटवरून खात्री करून घेते. नेट नसलं की खात्री होत नाही.

"मंग पावती दखाड त्याले," आई म्हणाली.

पावती दाखवायची सोय नव्हती. गेममध्ये ती एकटीच होती, कोणाबरोबर नेटवरून खेळत नव्हती, नकाशे सगळे संगणकात उतरवलेले होते. नेट फक्त त्या खात्रीपुरतं लागत होतं. ते संध्याकाळी सहाला आलं आणि तोवर तिची स्वयंपाकाची वेळ झाली.

असं आठवड्यातून चार-पाच दिवस व्हायला लागलं. दुपार हाच तिचा मोकळा वेळ, आणि दुपारीच गेम तिला ओळखेनासा व्हायचा. एकदा तर बस बोगद्याच्या तोंडाशी असताना चालू गेम मध्येच थांबला आणि पुन्हा तीच चौकट आली. आई स्टीअरिंगवर हात ठेवून तशीच बसून राहिली. मी स्वयंपाकघरातून बघत होते. रागावलेली नव्हती ती. तिचा चेहरा पडला होता, चारचौघांत कोणी पिशवी तपासायला मागितल्यावर पडतो तसा.

तिने एक वही सुरू केली. ज्या दिवशी गेम अडला तो दिवस, ती वेळ आणि चौकटीत लिहिलेलं वाक्य. इंग्रजी अक्षरं ती एकेक करून उतरवून घ्यायची. मला वाटलं, मनाचं समाधान म्हणून लिहिते आहे.

जूनमध्ये व्होल्टेज वाढून संगणकाचा मदरबोर्ड जळला. नंदुरबारहून नवीन आणून बसवला, विंडोज पुन्हा टाकलं, गेम पुन्हा उतरवला. त्या वेळी चालला. पंधरा दिवसांनी हार्ड डिस्क बदलावी लागली आणि मग गेमने नवीनच वाक्य दाखवलं: तुम्हाला परवानगी असलेल्या संगणकांची संख्या संपली आहे. घरात संगणक एकच. आतला एकेक भाग बदलला की त्यांच्या हिशेबी तो नवा संगणक होत होता. आता नेट असूनही गेम उघडत नव्हता.

मी कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर दोन मिनिटांत आलं, म्हणजे माणसाने वाचलेलं नव्हतं. नेटची जोडणी तपासा, संगणक बंद करून चालू करा. मी पुन्हा लिहिलं, पावती जोडली, दुरुस्तीचं बिल जोडलं. तेच उत्तर आलं. सात वेळा लिहिलं. सातव्या वेळी उत्तर थोडं वेगळं होतं: आपली तक्रार सोडवली गेली आहे असे समजून आम्ही ती बंद करत आहोत.

बाजारपेठेत मोबाईल दुरुस्तीचं दुकान असलेला एक माणूस आमच्या ओळखीचा. मी त्याच्याकडे केबल घ्यायला गेले, आई बरोबर होती. बोलता बोलता विषय निघाला. त्याने लगेच आपल्या दुकानातल्या संगणकावर तोच गेम उघडून दाखवला. नेटची वायर काढलेली होती. गेम फटकन उघडला. तीच बस, तोच बोगदा.

"मावशी, हा बघा. कुलूप तोडलेला आहे. याला नेट लागत नाही, काही विचारत नाही. पेन ड्राइव्ह द्या, पाच मिनिटांत टाकून देतो. तुम्ही तर पैसे भरलेत, तुम्हाला कसलं पाप लागणार?"

त्याचं बोलणं चुकीचं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही पूर्ण वाटत नाही. मी आईकडे पाहिलं. ती पडद्यावरच्या त्या बसकडे बराच वेळ बघत राहिली. मोह तिलाही झाला असणार.

"नको दादा," ती म्हणाली. "मन्ही गाडी शे. मी मन्हीच गाडी सोडसू."

घरी आल्यावर वही काढून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "आते तक्रार कर. कंपनीकडे नको. कंपनीना वर कोन ऱ्हास, तठे."

कंपनीच्या वर ग्राहक आयोग असतो. मी नियम वाचले, अर्ज लिहिला, वकील घेतला नाही. आईच तक्रारदार, मी तिच्या वतीने बोलणारी. आम्ही मागितलं ते साधं होतं: विकत घेतलेला गेम विकत घेणाऱ्याला नेट असो नसो उघडता यावा, आणि झालेल्या त्रासाची भरपाई मिळावी. शाळेतले सर म्हणाले, "एका गेमसाठी?" मी म्हटलं, "हो, एका गेमसाठी." खरं सांगायचं तर मला स्वतःलाच जरा लाज वाटत होती. आयोगापुढे लोक बियाण्यांच्या, विम्याच्या, ट्रॅक्टरच्या तक्रारी घेऊन येतात. त्यांच्या रांगेत आम्ही दोघी एक गेम घेऊन बसणार होतो.

पहिल्या तारखेला कंपनीकडून कोणी आलं नाही. दुसऱ्या तारखेला एक तरुण वकील आले, नम्र होते, इस्त्रीचा कोट. त्यांचं म्हणणं असं, की गेम घेताना तक्रारदाराने अटी मान्य आहेत या चौकटीवर क्लिक केलेलं आहे. त्या अटींमध्ये नेट लागेल हे लिहिलेलं आहे. चोरी एवढी वाढली आहे, की तपासणी केल्याशिवाय कंपनीला इलाज नाही. आणि मुळात गेममध्ये काहीच दोष नाही, तो सगळीकडे चालतो.

आयोगाच्या अध्यक्षांनी चष्मा काढला. "सगळीकडे चालतो?"

"हो, मॅडम."

"मग इथे चालवून दाखवा. पुढच्या तारखेला तक्रारदारांनी संगणक घेऊन यावा. तुम्ही त्यांच्या संगणकावर परवानगी पुन्हा सुरू करून द्या आणि आम्हाला गेम दाखवा."

त्या तारखेला आम्ही संगणक एसटीने नंदुरबारला नेला. जीप करू म्हटलं तर आई ऐकेना. सीपीयू एका खोक्यात, मॉनिटर चादरीत गुंडाळलेला, स्टीअरिंग माझ्या मांडीवर. कंडक्टर तिच्या हाताखाली शिकलेला होता. "बाई, तुमच्याकडून सामानाचं तिकीट घेऊ का मी?" असं म्हणाला. आईने घ्यायला लावलं. हातोड्याच्या पुलावरून तापी ओलांडताना तिने खिडकीतून पाहिलंसुद्धा नाही, खोक्यावर हात ठेवून बसली होती.

आयोगाच्या खोलीत एका टेबलावर सगळं मांडलं. वायरी जोडताना मला भलतीच भीती वाटत होती: आज नेमका हा गेम चालला तर? अध्यक्ष आणि त्यांच्या शेजारच्या सदस्य बाई खुर्च्या पुढे ओढून बसल्या. बाकीच्या तक्रारींसाठी आलेले लोकही मागे उभे राहिले. वकिलांनी सांगितलं, की कंपनीने सकाळीच तक्रारदाराची परवानगी पुन्हा सुरू केली आहे. नेटसाठी त्यांनी स्वतःचा मोबाईल दिला.

गेमने आधी ओळख पटवायला ई-मेलवर आकडा पाठवला. तो आला, भरला. मग गेम म्हणाला, तुम्ही नेहमीच्या ठिकाणाहून उघडत नाही आहात, पुन्हा खात्री करा. पुन्हा आकडा आला. मग त्याने सांगितलं, की तपासणीची यंत्रणा नवी झाली आहे, ती आधी उतरवून घ्या. ती उतरायला लागली. मोबाईलच्या नेटवर एक टक्का, दोन टक्के. वकील मोबाईल उंच धरून खिडकीपाशी गेले. तीन टक्के. वकिलांचा हात दुखून आला तेव्हा त्यांनी मोबाईल खिडकीच्या गजावर ठेवला. अर्धा तास झाला. जोडणी तुटली आणि ती चौकट आली, आईच्या वहीत कितीतरी पानांवर उतरवलेली.

सदस्य बाईंनी आईची वही मागून घेतली आणि पडद्यावरचं वाक्य त्यातल्या वाक्याशी ताडून पाहिलं. अक्षर न अक्षर तेच.

अध्यक्षांनी वकिलांना विचारलं, "ज्याने हा गेम चोरून घेतला, त्याला हे सगळं करावं लागतं का?"

वकिलांनी गजावरचा मोबाईल उचलून खिशात ठेवला. नंतर म्हणाले, "नाही, मॅडम. त्यातून ही तपासणी काढून टाकलेली असते."

त्यांना खोटं बोलता आलं असतं किंवा माहीत नाही असं म्हणता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही, याबद्दल मला त्यांचा आजही आदर आहे.

"म्हणजे चोराला त्रास नाही आणि गिऱ्हाइकाला आहे," अध्यक्ष म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

आई उठून उभी राहिली. साहेब लोकांशी बोलायची तिची एक वेगळी मराठी आहे, जपून, शाळेतल्यासारखी. त्या मराठीत तिने सुरुवात केली.

"मॅडम, मी एसटीत कंडक्टर होते. तिकीट तपासणं वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मी तेच काम केलं. फुकटे असतात, त्यांना पकडलंच पाहिजे. पण तपासायचं म्हणजे एकदा तिकीट बघायचं आणि माणसाला बसू द्यायचं. दर थांब्यावर उठवायचं नसतं. माझं मशीन बंद पडलं तर मी हाताने तिकीट फाडून दिलं. माझं मशीन बंद, म्हणून तुम्ही फुकटे, असं मी कोणाला म्हटलं नाही."

इथवर ती मराठीत बोलली. पुढचं अहिराणीत आलं.

"तिकीट काढेल मानूसले खाले उतारतस नही. मी पंचवीस वरीसमा एकले बी उतारेल नही."

अध्यक्ष बाहेरगावच्या होत्या. त्यांनी सदस्य बाईंकडे पाहिलं. सदस्य बाई इकडच्याच, शहाद्याकडच्या. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "त्या म्हणतात, तिकीट काढलेल्या माणसाला खाली उतरवत नाहीत. पंचवीस वर्षांत त्यांनी एकालाही उतरवलं नाही."

मागे उभा असलेला एक म्हातारा, बियाण्यांच्या तक्रारीसाठी आलेला, मोठ्याने "बरोबर शे" म्हणाला. त्याला शिपायाने गप्प केलं.

निकाल महिनाभराने लागला. आम्ही जिंकलो. गेम नेटशिवाय चालेल अशा रीतीने कंपनीने द्यावा, संगणकाचे भाग बदलले म्हणून परवानगी काढून घेऊ नये आणि त्रासाबद्दल भरपाई द्यावी, असं त्यात होतं. अटींवर क्लिक केलं म्हणजे ग्राहकाने आपला हक्क सोडला असं होत नाही, असंही एक वाक्य होतं. ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने तिसऱ्यांदा स्वतः वाचलं.

मला वाटलं होतं, कंपनी वर अपिलात जाईल. ती गेली नाही. त्याच तरुण वकिलांचा फोन आला. म्हणाले, कंपनीने तुमच्या आईसाठी वेगळी प्रत तयार केली आहे, एकदा उतरवून घ्या, पुन्हा कधी काही विचारणार नाही. मग म्हणाले, "तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. मी त्यांचं बोलणं ऑफिसात जसंच्या तसं सांगितलं."

चार महिन्यांनी कंपनीने त्या गेमचा नवा बदल सगळ्यांसाठी काढला. दर वेळची तपासणी काढून टाकली होती. एकदा खात्री झाली की पुढे नेट लागणार नाही. हे आमच्यामुळेच झालं असा दावा मी करत नाही. जगभरातल्या गिऱ्हाइकांनी ओरड केली असेल, कंपनीचं स्वतःचं काही गणित असेल. पण बातमी मी वाचून दाखवली तेव्हा आई चहा गाळत होती. तिने गाळणी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि सरळ उभी राहून म्हणाली, "बठ्ठास्नासाठे?"

"हा. बठ्ठास्नासाठे."

सगळ्यांसाठी. ती अशी हसली, की तसं हसताना मी तिला निरोपाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. चहाचा कप हातात घेऊन शेजारी सांगायला गेली. शेजारणीला गेम म्हणजे काय ते माहीत नव्हतं, तरी तिनेही आनंदाने सगळं ऐकून घेतलं.

निकालाची बातमी जिल्ह्यात कशी पसरली कोण जाणे, पण लोक यायला लागले. नवापूरकडचा एक पोल्ट्रीवाला आला. त्याने कोंबड्यांच्या शेडचं तापमान बघायचं एक सॉफ्टवेअर विकत घेतलं होतं आणि तेही नेट गेलं की मालकाला ओळखत नव्हतं. शहाद्याच्या एका शिंपीणबाईंच्या भरतकामाच्या मशीनचं तसंच. मी त्यांना नियम सांगते, अर्ज कसा लिहायचा ते सांगते. आई त्यांना एकच गोष्ट सांगते, की कधी अडलं ते त्याच दिवशी लिहून ठेवा, आठवणीवर जाऊ नका. पोल्ट्रीवाल्याने नुसती नोटीस पाठवली आणि आठ दिवसांत त्याचं काम झालं. तो पेढे घेऊन आला तेव्हा आई गाडीवर होती. पडद्यावर बर्फ पडत होतं, समोर अवघड वळण होतं. तिने मान न वळवता त्याला सांगितलं, "बस जरासं. घाट उतरी जाऊ दे."

तो आतल्या खुर्चीवर बसला, पेढ्यांचा खोका मांडीवर धरून, आणि माझ्यासारखाच बघत राहिला.